समुद्रात ड्रिलिंग केलं की पेट्रोल स्वस्त होतं का? अमेरिकेतल्या या वादातले दावे कसे तपासायचे

अमेरिकेत पेट्रोलचा भाव चढला की थोड्याच दिवसांत कुणीतरी नेता पंपासमोर उभा राहून सांगतो की आपल्याच समुद्राखाली एवढं तेल आहे, ते काढू द्या म्हणजे भाव उतरतील. लगेच दुसरा पक्ष सांगतो की कंपन्या आधी मिळालेल्या लीज, म्हणजे सरकारकडून तेल काढायला भाड्याने घेतलेल्या जागा, दाबून बसल्यात आणि नफा कमावतायत. दोन्ही वाक्यं ऐकायला पटतात. पण ज्याला रोज कामावर जायला तीस-चाळीस मैल गाडी चालवावी लागते आणि दुसरी काही सोयच नाही, त्याच्यासाठी हा त्याच्या महिन्याच्या हिशोबाचा प्रश्न आहे, आणि अशा माणसाला खोटी आशा दाखवणं मला फार चुकीचं वाटतं. म्हणून ही पद्धत लिहितोय. कुठल्याही पक्षाचा दावा आला तरी ती वापरता येते, त्यासाठी अर्थशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही, गुणाकार भागाकार आला की पुरे.

सगळ्यात आधी बोलणारा नेमका कशाबद्दल बोलतोय ते वेगळं काढा. ऑफशोअर म्हणजे समुद्रातल्या ड्रिलिंगच्या वादात निदान चार प्रश्न एकात एक मिसळलेले असतात: पंपावरचा भाव, नोकऱ्या आणि सरकारला मिळणारी रॉयल्टी, बाहेरून येणाऱ्या तेलावरचं अवलंबित्व, आणि किनारा-मासेमारी-पर्यटन यांचा धोका. होतं काय, की सुरुवात भावापासून होते आणि पुरावा दिला जातो नोकऱ्यांचा. आता लुइझियानात तेलावर हजारो घरं चालतात हे खरंच आहे, आणि 2006 च्या गल्फ ऑफ मेक्सिको एनर्जी सिक्युरिटी कायद्यामुळे त्या आखाताच्या, म्हणजे गल्फच्या, काठच्या राज्यांना ठरावीक लीजच्या उत्पन्नातला 37.5 टक्के वाटा मिळतो हेही खरं, पण यातून तुमच्या गॅलनचा भाव कमी होईल हे सिद्ध होत नाही. तेव्हा ऐकताना मनात म्हणायचं, हा मुद्दा बरोबर असेल पण तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

दुसरं म्हणजे एक आकडा पाठ करून ठेवा, 42. एका बॅरलमध्ये 42 गॅलन. म्हणजे कच्चं तेल बॅरलमागे 1 डॉलरने उतरलं तर गॅलनमागे साधारण 2.4 सेंट कमी व्हायला हवेत. बाकी भावात रिफायनरीचा खर्च, वाहतूक, पंपवाल्याचं मार्जिन आणि टॅक्स येतो. केंद्राचा टॅक्स तर 1993 पासून 18.4 सेंटवरच आहे, राज्यांचे वेगळे. हा एक आकडा लक्षात असला की कुणी म्हणालं अमुक केलं की पेट्रोल 1 डॉलरने उतरेल, तर तुम्हाला जागच्या जागी कळतं की त्यासाठी कच्चं तेल बॅरलमागे 42 डॉलरने पडावं लागेल, आणि मग विचारायचं, एवढं ते कशाने पडणार?

आता मुख्य काम. प्रत्येक दाव्याला तीन आकडे मागायचे: किती तेल, कधीपासून, आणि कशाच्या तुलनेत. या तिघांतला एक जरी गायब असेल तर दावा अर्धवट आहे असं समजा.

किती, यात एक मोठा घोळ असतो. जमिनीखाली एकूण किती तेल आहे तो आकडा नेहमी प्रचंड असतो आणि भाषणात तोच येतो. 2006 साली सरकारच्याच खात्याने अंदाज दिला होता की समुद्रातल्या केंद्र सरकारच्या हद्दीत अजून न सापडलेलं पण काढता येईल असं सुमारे 8,600 कोटी बॅरल तेल असावं, आणि त्यातलं सुमारे 1,800 कोटी बॅरल तेव्हा ड्रिलिंगला बंदी असलेल्या भागात. ऐकून वाटतं की बापरे, मग अडलंय कुठे. पण भावावर परिणाम होतो तो रोज बाजारात किती तेल येतं त्याचा. टाकी केवढी का असेना, बादली भरते ती नळाच्या धारेने. म्हणून साठ्याचा आकडा आला की लगेच विचारा, रोजचे किती बॅरल?

आणि याचं उत्तर 2007 मध्येच मिळालेलं होतं, 2008 मध्ये हा वाद पेटायच्या आधी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातली आकडेवारीची संस्था, एनर्जी इन्फर्मेशन ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे ईआयए, तिने हिशोब मांडला होता की पॅसिफिक, अटलांटिक आणि गल्फचा पूर्व भाग हे सगळं उघडलं तर काय होईल. उत्तर असं होतं की 2030 मध्ये अलास्का सोडून बाकी समुद्रातलं उत्पादन रोज 22 लाख बॅरलऐवजी 24 लाख बॅरल होईल, म्हणजे 2 लाखांचा फरक, आणि 2030 च्या आधी उत्पादनावर किंवा भावावर लक्षात येण्यासारखा परिणाम नाही. दोन वर्षांनी त्याच संस्थेने पुन्हा हिशोब केला तेव्हा 2030 मधला फरक गॅलनमागे सुमारे 3 सेंट निघाला. 3 सेंट! यातले 2007 चे आकडे तर सरकारी होते, उघड होते, तरीही 2008 च्या उन्हाळ्यात ते किती जणांनी लोकांसमोर ठेवले?

तुलना कशाशी, तर जगाशी. कच्च्या तेलाचा भाव ह्यूस्टनमध्ये किंवा वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही, जगाच्या बाजारात ठरतो, आणि जग आज रोज 10 कोटी बॅरलच्या वर तेल वापरतं. त्यात 2 लाख म्हणजे 0.2 टक्के. शिवाय ओपेक या तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या गटाने ठरवलं तर एका बैठकीत ते एवढं उत्पादन सहज कमी करू शकतात. ऑक्टोबर 2022 मध्ये ओपेक आणि रशिया वगैरे मित्रदेशांनी मिळून रोजच्या उत्पादनाचं टार्गेट 20 लाख बॅरलने कमी केलं होतं, म्हणजे वरच्या फरकाच्या दहापट, तेही एका दिवसात जाहीर करून. आणि 2015 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने कच्च्या तेलाच्या निर्यातीवरची जुनी बंदी उठवली, त्यामुळे अमेरिकन तेल हे अमेरिकन पंपासाठीच असतं असंही मानायचं कारण नाही, जिथे भाव चांगला तिकडे ते जातं.

कधीपासून, हा प्रश्न तर हमखास टाळला जातो. आधी पाच वर्षांच्या सरकारी कार्यक्रमात तो भाग घालावा लागतो, मग लिलाव, मग सर्वेक्षण, मग शोधविहीर, तेल लागलंच तर विकासाचा आराखडा, प्लॅटफॉर्म बांधायचा, पाइपलाइन टाकायची. गल्फमधलं थंडर हॉर्स हे क्षेत्र 1999 ला सापडलं आणि तेल आलं 2008 ला, मधे 2005 च्या वादळानंतर प्लॅटफॉर्म एका बाजूला कलला होता तो निस्तरण्यात वेळ गेला. ॲपोमॅटॉक्स 2010 ला सापडलं, तेल आलं 2019 ला. आणि ही दोन्ही क्षेत्रं गल्फमधली, जिथे पाइपलाइन, बंदरं, कामगार सगळं आधीपासून तयार आहे. अटलांटिकमध्ये यातलं काहीच नाही. तिथे 1970-80 च्या दशकांत 51 शोधविहिरी खणल्या होत्या, एकीतूनही व्यापारी उत्पादन झालं नाही. म्हणून या निवडणुकीत दिलेलं ड्रिलिंगचं वचन खरं ठरलं तरी त्याचं तेल पुढच्या दोन-तीन निवडणुका झाल्यावर येणार, आजचं बिल त्याने उतरत नाही.

चौथी गोष्ट, तारखा शेजारी शेजारी लिहून बघा. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे कारण यात कुणाच्या मतावर विसंबायला लागत नाही. 2008 घ्या. जूनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी आपली आधीची भूमिका बदलून समुद्रातल्या ड्रिलिंगवरची बंदी उठवायला पाठिंबा दिला. 11 जुलैला कच्चं तेल 147 डॉलरच्या वर जाऊन आलं. 14 जुलैला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आपल्या वडिलांनी 1990 मध्ये घातलेली राष्ट्राध्यक्षांची बंदी उठवली. त्याच आठवड्यात पेट्रोलची देशभरातली सरासरी 4 डॉलर 11 सेंटवर होती. 1 ऑगस्टला हाउसचं, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाचं, कामकाज सुट्टीसाठी संपलं तेव्हा रिपब्लिकन सदस्य दिवे आणि माइक बंद झालेल्या सभागृहात थांबून भाषणं करत राहिले, ओबामाही त्याच महिन्यात मर्यादित ड्रिलिंग तडजोड म्हणून चालेल म्हणाले, सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात ‘ड्रिल, बेबी, ड्रिल’ ही घोषणा झाली, आणि 30 सप्टेंबरला संसदेची 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर वर्षी वाढवली जाणारी बंदीही संपली. डिसेंबरमध्ये कच्चं तेल 40 डॉलरच्याही खाली आणि पेट्रोल 1 डॉलर 70 सेंटच्या आत.

आता हे बघून कुणी म्हणेल, बघा बंदी उठवली आणि भाव पडला. आजही असं म्हणणारे भेटतात. पण मधल्या काळात बंदी उठलेल्या समुद्रातून एक थेंबही आलेला नव्हता. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली, जगभर कारखाने थंडावले, मागणी कोसळली, म्हणून भाव पडला. आणि अटलांटिकचं म्हणाल तर संसदेची बंदी संपल्यावरही तिथे एकही लिलाव झाला नाही. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळचा ठरला होता तो 2010 च्या गल्फमधल्या तेलगळतीच्या अपघातानंतर रद्द झाला. एवढ्या वर्षांत पेट्रोल खाली गेलं, वर गेलं, 2020 च्या एप्रिलमध्ये तर तेलाचा वायदा एक दिवस शून्याच्या खाली गेला, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर जून 2022 मध्ये पेट्रोलची सरासरी 5 डॉलरच्या वर गेली. या कुठल्याही चढउतारात अटलांटिकच्या ड्रिलिंगचा काही हात नाही.

इथे ड्रिलिंगवाल्यांच्या बाजूचा जो खरा मुद्दा आहे तोही प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण पुरवठ्याने भाव कधीच उतरत नाही असं म्हणणं साफ चूक आहे. 2008 मध्ये अमेरिका रोज सुमारे 50 लाख बॅरल कच्चं तेल काढत होती. 2014 पर्यंत ते 88 लाखांच्या आसपास गेलं, 2023 मध्ये 1 कोटी 29 लाख. ईआयएच्या 2007 च्या अंदाजात हे कुठेच नव्हतं, म्हणजे अंदाजही चुकतात आणि मोठे चुकतात. पण ही वाढ बहुतेक जमिनीवरच्या शेल तेलातून, म्हणजे खडकाच्या थरांत अडकलेल्या तेलातून झाली, टेक्सासच्या पर्मियन भागातून, नॉर्थ डकोटाच्या बाकनमधून. शेलची विहीर काही महिन्यांत सुरू होते, समुद्रातली दहा वर्षांत. आणि एवढं तेल वाढूनसुद्धा 2011 ते 2014 च्या मध्यापर्यंत जगातला भाव 100 डॉलरच्या आसपासच राहिला कारण तिकडे लिबियात यादवी, इराणवर निर्बंध, जेवढं आलं तेवढं दुसरीकडे कमी झालं. मग 2014 च्या उत्तरार्धात भाव कोसळला आणि 2016 च्या सुरुवातीला 30 डॉलरच्या खाली गेला. यावरून तुम्हाला एक माप मिळतं: जगाचा भाव हलवायला लाखो नव्हे, दहा-दहा लाखांच्या पटीत बॅरल लागतात, आणि तरीही कधी हलेल ते आधी सांगता येत नाही. पुढच्या वेळी कुणी नवीन क्षेत्राचं नाव घेतलं की त्या मापाने मोजा.

आता दुसऱ्या बाजूलाही हेच प्रश्न विचारा, नाहीतर तपासणीला अर्थ नाही. 2008 मध्ये डेमोक्रॅट म्हणत होते की कंपन्यांकडे 6 कोटी 80 लाख एकर लीज आहे आणि तिथे उत्पादन होत नाही, आधी ते वापरा नाहीतर परत करा. आकडा खरा होता. पण लीज घेतली म्हणजे खाली तेल आहेच असं नसतं, बऱ्याच ठिकाणी सर्वेक्षण चालू असतं, काही ठिकाणी विहीर कोरडी निघते, आणि वर सांगितली तीच वर्षानुवर्षांची प्रक्रिया इथेही लागू आहे. शिवाय गंमत बघा, नवीन भागातून तेल यायला दहा वर्षं लागतात असं म्हणणाऱ्याने जुन्या लीजवर उद्या तेल येईल असं कसं म्हणायचं? कंपन्यांच्या नफ्याचंही तसंच. एक्सॉनमोबिलने 2008 मध्ये 45 अब्ज डॉलर कमावले, 2022 मध्ये त्याहून जास्त, लोकांचा संताप होणं मी समजू शकतो. पण जगातला भाव चढला की नफा चढतो, नफा हा भावाचा परिणाम आहे. त्यावर जादा कर लावायचा का हा न्यायाचा प्रश्न आहे आणि त्यावर जरूर भांडावं, मात्र त्याने पंपावरचा आकडा खाली येईल असं वचन कुणी देत असेल तर त्यालाही तेच विचारा: किती सेंट, कधीपासून?

टॅक्स हॉलिडेचं थोडक्यात सांगतो. 2008 मध्ये मॅकेन आणि हिलरी क्लिंटन दोघांनी उन्हाळ्यापुरता टॅक्स माफ करा म्हटलं होतं, 2022 मध्ये बायडन यांनी तीन महिन्यांसाठी मागितला. जास्तीत जास्त फायदा गॅलनमागे 18.4 सेंट, तोही सगळा ग्राहकापर्यंत पोचला तर.

धोक्याची बाजू मात्र वेगळ्या पानावर लिहा, भावाच्या हिशोबात ती दडपली जाऊ देऊ नका. 1969 च्या जानेवारीत सँटा बार्बराजवळ विहीर फुटली आणि किनारा तेलाने माखला, अमेरिकेतल्या पर्यावरणाच्या कायद्यांना त्यातून मोठा रेटा मिळाला. 31 मार्च 2010 ला ओबामांनी अटलांटिकचा काही भाग उघडायची घोषणा केली आणि तीन आठवडेही झाले नाहीत तोवर 20 एप्रिलला गल्फमधल्या डीपवॉटर हॉरायझन रिगवर स्फोट झाला, 11 कामगार गेले, विहीर 87 दिवस वाहत राहिली. सरकारचा अंदाज 49 लाख बॅरलचा होता, न्यायालयाने नंतर 31 लाख 90 हजार धरले. ते अकरा जण आपापल्या घरातले कमावते होते, त्यांना वादातला एक आकडा म्हणून मोजू नये असं मला फार वाटतं. त्याच वेळी हेही खरं की तेलाची मागणी तशीच राहिली तर ते तेल दुसऱ्या कुठल्यातरी देशाच्या समुद्रातून येणार आणि टँकरने येणार, त्यालाही धोका आहेच. म्हणून ड्रिलिंगला विरोध करणाऱ्याला विचारा की मागणी कमी करायला तुम्ही काय करताय.

पक्षाच्या लेबलवर जाऊ नका, माणूस कुठल्या किनाऱ्याचा आहे ते बघा. फ्लोरिडातले रिपब्लिकन नेते आपल्या बीचसमोर रिग नको म्हणतात, आणि लुइझियानाच्या डेमोक्रॅट सिनेटर मेरी लँड्र्यू ड्रिलिंगच्या खंद्या समर्थक होत्या. 2018 च्या जानेवारीत ट्रम्प सरकारने जवळजवळ सगळा समुद्र उघडायचा आराखडा मांडला आणि काही दिवसांतच फ्लोरिडा त्यातून बाहेर काढल्याचं जाहीर झालं. 2020 च्या सप्टेंबरमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, ट्रम्प यांनीच फ्लोरिडा, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या समुद्रात 2032 पर्यंत नवीन लीज बंद केल्या. 2025 च्या जानेवारीत बायडन यांनी जाता जाता 62 कोटी 50 लाख एकर बंद केले, दोन आठवड्यांत ट्रम्प यांनी तो आदेश फिरवला. एवढं उलटसुलट होत असताना दहा वर्षांची गुंतवणूक करणारी कंपनी काय विचार करत असेल, हाही एक प्रश्न आहे आणि तो फार कमी वेळा विचारला जातो.

मग घरच्या बिलाचं काय? एक हिशोब स्वतः करून बघा. समजा वर्षाला 12,000 मैल गाडी चालते आणि ती गॅलनला 20 मैल देते, म्हणजे 600 गॅलन लागतात. ईआयएचे ते 3 सेंट मिळालेच तर वर्षाला वाचले 18 डॉलर. तीच गाडी बदलताना 30 मैल देणारी घेतली तर 400 गॅलन लागतील, आणि भाव 3.50 धरला तर वर्षाला 700 डॉलर वाचतात. नवीन गाडी सगळ्यांना परवडत नाही हे मान्य, म्हणून तर मायलेजच्या सरकारी नियमांवर तुमचा प्रतिनिधी कसं मत देतो ते बघणं महत्त्वाचं. 2007 च्या कायद्याने 2020 पर्यंत नव्या गाड्यांची सरासरी 35 मैल करायचं ठरवलं होतं, त्यावर कुणी कसं मतदान केलं ते संसदेच्या साइटवर नावानिशी मिळतं.

प्रतिनिधीला पत्र लिहायचं किंवा सभेत विचारायचं असेल तर लांब भाषण करू नका. एकच प्रश्न आकड्यांसकट विचारा: तुम्ही म्हणताय त्या भागातून रोज किती बॅरल येतील, पहिलं बॅरल कुठल्या वर्षी, आणि गॅलनमागे किती सेंटचा फरक हा अंदाज कुठल्या संस्थेचा. उत्तरात नोकऱ्या, देशाची सुरक्षा, निसर्ग असं काही आलं तर ते ऐकून घ्या आणि प्रश्न पुन्हा विचारा. आणि समुद्रातल्या लीजचा पाच वर्षांचा कार्यक्रम ठरवताना ब्युरो ऑफ ओशन एनर्जी मॅनेजमेंट या सरकारी संस्थेला मसुदा लोकांसमोर ठेवावा लागतो, तेव्हा कुणीही लेखी मत देऊ शकतं. त्यात नुसतं मी विरोधात किंवा मी बाजूने असं लिहून पाठवू नका. कुठला भाग, तिथे आज कोण पोट भरतंय, भावाबद्दल मसुद्यात काय आकडा दिलाय आणि तो तुम्हाला का पटतो किंवा पटत नाही, एवढं लिहा, आणि मुदत संपायच्या आत पाठवा.